लांब पल्ल्याचं ट्रायथलॉन एवढं महाग का, आणि रस्त्यावर एवढी गर्दी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं म्हणणारे माझ्याकडे येतात ते बहुधा ट्रेनिंगचा तक्ता मागायला. दहा मिनिटांत गाडी पैशांवर येते आणि पंधराव्या मिनिटाला गर्दीवर. त्याच त्या प्रश्नांना तीच ती उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. मी एज-ग्रुपर आहे, म्हणजे वयोगटात उतरणारा हौशी, स्वतःच्या पैशाने दमणाऱ्यांपैकी. काही वेळा एड स्टेशनच्या (मार्गावर पाणी-खाणं देतात त्या जागेच्या) टेबलामागेही उभा राहिलो आहे. खाली जे आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं.

लांब पल्ला म्हणजे नेमकं किती अंतर?

पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं. एकूण २२६. अर्धं अंतर याच्या बरोबर निम्मं, ११३ किलोमीटर. मैलांत ते ७०.३ भरतं, म्हणून तेच त्याचं नाव पडलं. ‘आयर्नमॅन’ हे अंतराचं नाव नाही, एका कंपनीचा ट्रेडमार्क आहे. बोलताना आपण सगळेच पूर्ण अंतराला आयर्नमॅन म्हणतो, आणि कंपनीची निम्मी कमाई या सवयीतच आहे.

नोंदणी शुल्क इतकं का वाढलं?

अमेरिकेतल्या नावाजलेल्या पूर्ण अंतराच्या शर्यतीला आज ८०० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. वर नोंदणीच्या संकेतस्थळाचं प्रोसेसिंग शुल्क. शेवटच्या पानावर आकडा वाढलेला दिसतो तो त्यामुळे.

हा पैसा जातो कुठे? सगळ्यात मोठा भाग जातो तो सहभागींच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर. १८० किलोमीटरच्या मार्गावर जितके चौक, जितकी वळणं, तितकी माणसं. पोलीस बंदोबस्ताचा खर्च बऱ्याच ठिकाणी आयोजकालाच भरावा लागतो. पाण्यात कायाक आणि बोटी, काठावर डॉक्टर, मार्गावर रुग्णवाहिका, विमा, चिप टायमिंग (पायाला बांधलेल्या चिपवरून वेळ मोजणं), फिरती शौचालयं, हजारो सायकलींना पुरेल एवढे रॅक, रात्री धावण्याच्या मार्गावर जनरेटरवर चालणारे दिवे. पोहायला उतरल्यापासून साधारण १७ तासांची मुदत असते. मॅरेथॉनचे रस्ते दुपारपर्यंत मोकळे होतात, इथे मध्यरात्रीपर्यंत माणसं उभी ठेवावी लागतात. त्यातली पुष्कळशी स्वयंसेवक असतात, फुकट उभी राहतात. ती नसती तर शुल्क किती असतं याचा विचारही करवत नाही.

सुरक्षेचे नियम कडक झाले, विमा महागला, पोलिसांचे दर वाढले. वाढीचा हा भाग मला पटतो. राहिलेला भाग नावाचा आहे.

म्हणजे खेळ कंपन्यांच्या हातात गेला म्हणून महागला, हे खरं?

बऱ्याच अंशी खरं आहे, पण गोष्ट सरळ नाही.

१८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. जॉन आणि ज्यूडी कॉलिन्स या दांपत्याची कल्पना. त्या बेटावर होणारी पोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवसात जोडायच्या, एवढंच. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. पाणी, खाणं, दुरुस्ती, सगळं ज्याचं त्याने आणायचं, सोबतीला आपापली माणसं. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. आयोजनाचा खर्च जवळजवळ शून्य.

१९८१ ला तेव्हाच्या आयोजक व्हॅलेरी सिल्क यांनी शर्यत हवाईच्याच बिग आयलंडवर, कोना या गावी हलवली. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही स्पर्धक शेवटच्या काही मीटरवर कोसळली आणि रांगत अंतिम रेषा ओलांडली. ते टीव्हीवर दिसलं आणि अर्ज येऊ लागले. १९९० च्या सुमारास हक्क वर्ल्ड ट्रायथलॉन कॉर्पोरेशनकडे गेले. २००८ ला प्रॉव्हिडन्स इक्विटी या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली. २०१५ ला चीनच्या वांडा समूहाने ६५ कोटी डॉलरला घेतली आणि २०२० ला अ‍ॅडव्हान्स या अमेरिकी समूहाने वांडाकडून सुमारे ७३ कोटी डॉलरला.

प्रत्येक खरेदीदाराने दिलेली रक्कम कुठून तरी वसूल व्हायची असते. शर्यतीच्या धंद्यात वसुलीच्या वाटा मोजक्याच: शुल्क वाढवा, जागा वाढवा, शर्यती वाढवा, किंवा यजमान शहराकडून पैसे घ्या. चारही झालं. पण हेही सांगायला हवं की या कंपनीच्या शर्यतीत पहाटे चार वाजता ट्रान्झिशन (सायकली लावायची आणि कपडे-बूट बदलायची जागा) उघडेल असं लिहिलं असेल तर ते चारला उघडतं. दिवस पार पडेल, पाणी संपणार नाही, वेळ अचूक नोंदली जाईल, ही खात्री विकत मिळते. वर्षभर पहाटे उठलेल्या माणसाला त्या खात्रीची किंमत कळते, आणि कंपनीलाही कळते.

शुल्क वाढलं तर लोक कमी व्हायला हवेत. मग गर्दी कशी वाढते?

मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात नेमका प्रश्न हाच.

समजा रस्ते बंद करणं, पोलीस, पाण्यातली सुरक्षा, विमा, मांडव असा ठरलेला खर्च ४,००,००० डॉलर आहे. (आकडा सोयीसाठी घेतलेला.) ८०० जण आले तर डोक्यागणिक ५०० डॉलर पडतात, २,५०० जण आले तर १६०. रस्ता ८०० जणांसाठी बंद करा की २,५०० जणांसाठी, पोलीस तितकेच लागतात. वाढीव माणसामागे लागतं ते पाणी, जेल (पाकिटातली साखरेची पेस्ट), पदक, टी-शर्ट आणि रॅकवरची थोडी जागा. म्हणून खर्च एकदा निघाला की पुढचा प्रत्येक अर्ज जवळजवळ निव्वळ नफा असतो.

आता आयोजकाच्या जागी बसा. पोलिसांचे दर वाढले. तुम्ही शुल्क थोडं वाढवाल आणि मर्यादा २,२०० वरून २,५०० कराल, दोन्ही एकदम. त्यामुळे महागाई आणि गर्दी ही दोन वेगळी दुखणी नाहीत, एकाच हिशोबाच्या वहीतल्या दोन ओळी आहेत. गर्दी कमी करा म्हणणाऱ्याने शुल्क आणखी वाढेल याची तयारी ठेवावी. शुल्क कमी करा म्हणणाऱ्याने खांद्याला खांदा घासायची. मी स्वतः पहिल्या गटात आहे, पण माझ्या ओळखीचे बहुतेक जण दोन्ही मागण्या एका दमात करतात.

शुल्काखेरीज खर्च कशाकशावर होतो?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशातली गत आहे. नोंदणी ही कोंबडी. शर्यतीच्या आठवड्यात गावातल्या हॉटेलांचे दर चढतात, आणि ‘किमान इतक्या रात्री’ अशी अट येते. सायकलची बॅग विमानात चढवायची तर प्रत्येक कंपनीचा नियम निराळा, पैसेही निराळे. जातानाचा आणि येतानाचा दर सारखा असेलच असंही नाही. शर्यतीआधी हजर राहून नंबर घ्यावा लागतो, आदल्या दिवशी सायकल लावावी लागते, त्यामुळे एक दिवसाच्या शर्यतीला चार दिवस जातात. सोबत कोणी असेल तर या सगळ्याला दोनने गुणा.

शिवाय प्रत्यक्ष सरावाचा वर्षभराचा खर्च: तलावाचं शुल्क, टायर, साखळ्या, बूट. हा मात्र शर्यत नसली तरी होतो, म्हणून मी तो शर्यतीच्या खात्यात धरत नाही. घरच्यांचं मत वेगळं आहे.

महागडी टीटी बाइक (वाऱ्याला कमी अडणारी, टाइम ट्रायलची सायकल) नसेल तर उतरू नये का?

उतरा. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेशी भांडण्यात जाते, आणि हवेला होणाऱ्या अडथळ्याचा फार मोठा भाग सायकलचा नसून तिच्यावर बसलेल्या शरीराचा असतो. म्हणून साध्या रोड बाइकला क्लिप-ऑन एरोबार (कोपरं टेकून पुढे वाकून बसायचे दांडे) लावून, नीट फिट करून घेऊन, पाच तास त्या अवस्थेत मान न दुखता राहायला शिकलात तर फायद्याचा मोठा वाटा तिथेच मिळाला. एक अंगाला घट्ट बसणारा सूट आणि एरो हेल्मेट घ्या. डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी भरीव तबकडीचं चाक) सगळ्यात शेवटी. कोनाला तर वाऱ्यामुळे मागच्या डिस्क व्हीलला परवानगीच नाही.

पैसे घालायचेच असतील तर टायर आणि ट्यूबवर घाला. पंक्चरने घालवलेली वीस मिनिटं कुठलंही चाक परत मिळवून देत नाही.

जेलवरच एवढा खर्च होतो. त्याला पर्याय?

आहे, आणि तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आहे. सध्या बहुतेक जण सायकलवर ताशी ९० ग्रॅम कर्बोदकं धरून चालतात, काही १२० पर्यंत जातात. सहा तासांची सायकल म्हणजे ५४० ग्रॅम. एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम, म्हणजे वीसहून जास्त पाकिटं, तीही एका दिवसाची. सरावातले लांब रविवार धरले तर आकडा कुठे जातो ते तुम्हीच पाहा.

मी माल्टोडेक्स्ट्रिन आणि फ्रुक्टोज सुटं आणतो. दर ९० ग्रॅमला ५० ग्रॅम पहिलं, ४० ग्रॅम दुसरं, चिमूटभर मीठ. दोन वेगवेगळ्या साखरा अशासाठी की आतड्यात त्यांची शोषली जायची दारं वेगळी आहेत. एकाच साखरेवर ताशी साठेक ग्रॅमच्या पुढे गेलं की पोट फुगतं. तीन तासांचं मिश्रण एका बाटलीत मावतं, पण ते कोमट पाण्यात आदल्या रात्री हलवून ठेवायला लागतं, नाहीतर तळाशी गोळे राहतात आणि ७० व्या किलोमीटरला बाटलीचं तोंड चोंदतं. एकदा मी चोंदलेलं तोंड दाताने उघडायला गेलो आणि अर्धी बाटली एरोबारवर सांडली. पुढचे चार तास कोपर उचलताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज येत होता.

गर्दीचा खरा त्रास कुठे होतो? पोहताना?

पूर्वी हो. मास स्टार्टला दोन हजार माणसं एका तोफेबरोबर पाण्यात घुसायची. डोक्यावर टाच, गॉगल निघणं, श्वास घ्यायला मान वळवावी तर तोंडात कोणाचा तरी हात. २०१३ पासून उत्तर अमेरिकेतल्या आयर्नमॅन शर्यतींमध्ये रोलिंग स्टार्ट येऊ लागला: दर काही सेकंदांनी मोजकी माणसं सोडायची, प्रत्येकाची वेळ त्याच्या चिपवरून धरायची. आता बहुतेक मोठ्या शर्यतींत हेच किंवा लाटांचा स्टार्ट (गटागटाने सोडणं) असतो.

पाण्यातली काळजी अनाठायी नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रसंग मिळून १३५ नोंदले गेले, त्यातले ९० पोहतानाचे होते. गर्दी हेच त्याचं कारण असं म्हणता येत नाही. कित्येकांना आधीपासून, नकळत हृदयाचं दुखणं होतं. पण गडबडीत कोणी हालचाल थांबवली तर ती कायाकवरच्या माणसाला दिसायला हवी, आणि टोप्यांच्या गर्दीत ती दिसत नाही. पोहण्याची भीती असेल तर कडेला आणि मागे थांबा. दोन मिनिटं जातील.

त्रासाची जागा मात्र आता पाण्यातून सायकलवर सरकली आहे.

रोलिंग स्टार्ट आला तरी सायकलच्या रस्त्यावर झुंडी का दिसतात?

कारण अंकगणित. थोडं सविस्तर सांगतो, कारण यावर वाद फार होतात आणि हिशोब कोणी करत नाही.

ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवणं, टाळायला नियम असा की पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. ओलांडायचं तर त्या पट्ट्यात शिरल्यापासून २५ सेकंदांत ओलांडून व्हायला हवं. लोक म्हणतात, २,४०० जण गुणिले १२ मीटर म्हणजे २८.८ किलोमीटर, आणि मार्ग तर १८० चा आहे, मग भरपूर जागा आहे की. जागा आहे, पण माणसं मार्गभर सारखी पसरलेली नसतात. एका दारातून बाहेर पडतात.

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १२ मीटर जायला १.२ सेकंद. म्हणजे एका रांगेत, नियम पाळून, मिनिटाला जास्तीत जास्त ५० जण जाऊ शकतात. ताशी ३० ला हा आकडा ४२ च्या आत येतो. चढावर वेग ताशी १२ झाला की मिनिटाला १७ सुद्धा जात नाहीत. आता समजा मास स्टार्ट आहे आणि २,४०० पैकी १,८०० जण १ तास ५ मिनिटं ते १ तास ३५ मिनिटं या अर्ध्या तासात पाण्याबाहेर आले. मिनिटाला ६०. म्हणजे कोणाची नियत कितीही साफ असली तरी नियम पाळणं शक्यच नाही.

रोलिंग स्टार्टने हे सुधारतं, कारण आधी वेगवान आणि मग हळू सोडले की बाहेर पडण्याचा काळ लांबतो. पण तीन ठिकाणी घोडं अडतं. एक, लोक आपली पोहण्याची वेळ फुगवून पुढच्या रांगेत उभे राहतात. दोन, चांगला पोहणारा चांगला सायकलस्वार असतोच असं नाही. मागून येणारे दणकट सायकलस्वार पहिल्या ४० किलोमीटरला पुढच्यांवर येऊन आदळतात. तीन, चढ आला की सगळी रांग आकसते आणि उतारावर ती तशीच गोळा होऊन सुटते.

उपाय माहीत आहे: हळू सोडा. दर ५ सेकंदांना ६ जण सोडले तर २,४०० जणांना ३३ मिनिटं लागतात. दर १० सेकंदांना ४ सोडले तर १०० मिनिटं. रस्ता मोकळा मिळेल, पण शेवटचा माणूस पहिल्यानंतर जवळजवळ पावणेदोन तासांनी उतरणार, म्हणजे बंदोबस्त, दिवे, रुग्णवाहिका सगळं तितकं लांबणार. पुन्हा वहीतली पहिली ओळ.

मला ड्राफ्टिंग करायचं नाही, पण झुंडीत सापडलो तर काय करू?

ज्याला ओलांडलं गेलं त्याने मागे सरायचं, हा नियम. दहा सायकलस्वारांची आगगाडीसारखी रांग तुमच्या बाजूने गेली तर प्रत्येकासाठी १२ मीटर मागे जाता जाता तुम्ही जवळजवळ पेडल मारणंच सोडता, आणि मागून पुढची गाडी येते. राग येतो. पण रेफरी मोटारसायकलवरून येतो तेव्हा त्याला दिसतं ते तुमचं चाक आणि पुढच्याचं चाक. आधीची दहा मिनिटं त्याला दिसलेली नसतात. ड्राफ्टिंगला निळं कार्ड मिळतं, पाच मिनिटं पेनल्टी टेंटमध्ये.

मी त्या टेंटमध्ये एकदा उभा राहिलो आहे. सायकल दोन पायांत, समोर घड्याळ घेतलेली एक मुलगी, शेजारी माझ्याच झुंडीतले तिघे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मग एकजण हळूच म्हणाला, “आता बरोबर १२ मीटरवर निघूया,” आणि ती मुलगीसुद्धा हसली.

व्यवहाराचा सल्ला: पहिल्या ३० किलोमीटरला ताकद वाचवा, झुंड जाऊ द्या. किंवा ओलांडायचंच तर एकेकाला नव्हे, सगळ्या गाडीला एका दमात ओलांडून पुढे मोकळ्यात जा. तेवढा दम नसेल तर पहिला मार्ग. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं रेसरेंजर नावाचं यंत्र सायकलला लावून अंतर दिव्यांनी दाखवता येतं. व्यावसायिक स्पर्धकांच्या शर्यतींत ते दिसतं, पण हजारो एज-ग्रुपरना लावायचं तर तो खर्च कोणाच्या शुल्कात जाईल हे आता तुम्हाला कळलंच असेल.

तीन-चार फेऱ्यांचे मार्ग का ठेवतात? त्यांत जास्त गोंधळ होतो.

४५ किलोमीटर रस्ता बंद करून चार फेऱ्या मारणं हे १८० किलोमीटर बंद करण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. प्रेक्षकांनाही आपलं माणूस चारदा दिसतं. पण वेगवान माणसाची दुसरी फेरी आणि हळू माणसाची पहिली एकाच रस्त्यावर येते, एड स्टेशनवर गर्दी दुप्पट होते, आणि जाणारे-येणारे एकाच रस्त्यावर असतील तर चूक महागात पडते. ४ जून २०२३ ला हॅम्बुर्गच्या शर्यतीत असं जाणं-येणं असलेल्या रस्त्यावर एका मोटारसायकलची स्पर्धकाशी समोरासमोर धडक झाली. मोटारसायकल चालवणारा जागीच गेला, स्पर्धक गंभीर जखमी झाला. त्यानंतर अरुंद मार्गांवर माध्यमांच्या आणि रेफरींच्या मोटारसायकली किती असाव्यात, हा प्रश्न सगळेच विचारू लागले.

कोनाला जायचं स्वप्न आहे. तिथेही हेच?

तिथे हे सगळं एका छोट्या गावात कोंबलेलं आहे. २०२२ ला जागतिक स्पर्धा तिथे दोन दिवस, गुरुवारी आणि शनिवारी, भरवली. सुमारे ५,००० जण. गावाला किनाऱ्याने जाणारे रस्ते मोजकेच, ते आठवड्यात दोनदा बंद. स्थानिकांनी दुसऱ्या दिवसाला नकार दिला. मग २०२३ पासून स्पर्धा दोन ठिकाणी वाटली गेली: एका वर्षी स्त्रिया कोनाला आणि पुरुष फ्रान्समधल्या नीसला, पुढच्या वर्षी उलट. नीसचा मार्ग डोंगराळ आणि सुंदर, पण लोकांना कोनाच हवं होतं. २०२६ पासून पुन्हा दोघांची एकाच दिवशी कोनाला, असं ठरलं. नाव कशाला म्हणतात ते इथे दिसतं.

पात्रतेची पद्धतही २०२५ च्या मध्यात बदलली. गटविजेत्याला जागा, बाकीच्या जागा वय आणि लिंगानुसार समतोल केलेल्या वेळेवरून. आधी लॉटरीही होती. भाग घ्यायला ५० डॉलर, न लागल्यास परत नाहीत. अमेरिकी सरकारी वकिलांनी ती बेकायदा लॉटरी ठरवली आणि २०१५ ला कंपनीने सुमारे २७ लाख ६० हजार डॉलर सरकारजमा केले.

ज्या शर्यती उघडताक्षणी भरतात, त्यांत जागा कशी मिळवायची?

जर्मनीतल्या रोथची ऑनलाइन नोंदणी एका मिनिटाच्या आत संपते. ही शर्यत २००१ पर्यंत आयर्नमॅनच्या नावाने चालायची. २००२ ला ते नाव फ्रँकफर्टला गेलं, रोथच्या आयोजकांनी ‘चॅलेंज’ असं स्वतःचं नाव घेतलं आणि गर्दी उलट वाढली. म्हणजे नावाशिवाय भागतं, पण त्यासाठी सोलारर बर्गच्या चढावर माणसांची भिंत उभी राहणारं गाव पाठीशी लागतं.

नॉर्वेचा नॉर्समन याच्या दुसऱ्या टोकाला: सुमारे २५० जण, लॉटरीने. फेरीबोटीतून हार्डांगर फ्योर्डमध्ये उडी, आणि शेवट गाऊस्ताटोपेन शिखरावर. ठरलेल्या ठिकाणी पहिल्या १६० मध्ये पोचलात तरच शिखर आणि काळा टी-शर्ट. मार्गावर खाण्यापिण्याची सोय ज्याने त्याने आपल्या माणसांकरवी करायची, अगदी १९७८ सारखी. गर्दी नाही, पण एक गाडी आणि रजा टाकून येणारा एक मित्र हवा. स्वस्त म्हणायचं की नाही, ते त्या मित्राला विचारा.

शर्यत रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?

बहुधा नाही, पुढच्या वर्षी किंवा दुसऱ्या शर्यतीत जागा मिळते. २०२० ला शर्यती धडाधड रद्द झाल्या तेव्हा यावरून प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेलं होतं. नोंदणी करताना खूण करून पुढे जातो ती अटींची पानं एकदा वाचा. पाण्याचं तापमान किंवा हवा बिघडून फक्त पोहणं रद्द झालं, तर त्याचे पैसे परत मिळत नाहीत, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

मग छोट्या, बिननावाच्या शर्यती जास्त चांगल्या का?

रस्ता मोकळा मिळतो, शुल्क कमी, ट्रान्झिशनमध्ये हँडलबार एकमेकांत अडकत नाहीत. पण छोट्याचा ठरलेला खर्च मोजक्या डोक्यांवर पडतो, म्हणून कुठेतरी काटकसर होते. ती पदकावर झाली तर आनंद आहे. पाण्यातल्या बोटींवर झाली तर नको. अशाच एका शर्यतीत धावण्याच्या ३० व्या किलोमीटरच्या टेबलावर मी पोचलो तेव्हा पेले होते, पाणी नव्हतं. टेबलामागचा पोरगा इतका ओशाळला की त्याने स्वतःची बाटली दिली. त्या आयोजकाचा मला अजूनही राग नाही, पण त्यानंतर मी विचारायला शिकलो.

काय विचारायला?

स्पर्धक किती आणि ते किती मिनिटांत सोडणार; या दोन आकड्यांवरून वरचं गणित घरी करता येतं. सायकलच्या किती फेऱ्या, आणि पहिल्या २० किलोमीटरमध्ये मोठा चढ आहे का. रस्ता पूर्ण बंद की एक बाजू चालू. एड स्टेशन किती अंतरावर आणि शेवटच्या तासाला तिथे काय उरतं. माघारीची शेवटची तारीख आणि त्या दिवशी किती टक्के परत. या मेलला उत्तरच आलं नाही तर तेही उत्तरच. मागच्या वर्षी शेवटच्या तासात आलेल्या कोणाला तरी गाठून विचारा. पहिल्या दहातल्यांना पाणी संपल्याचं कधीच कळत नाही.

एवढं सगळं टाळून तेच अंतर एकट्याने केलं तर?

करा की. मी केलं आहे, एका वर्षी नोंदणीचे पैसे देववले नाहीत म्हणून. तलावात ७६ फेऱ्या जाऊन-येऊन, पहाटे, मोजणीसाठी काठावर खडे ठेवून. मग सायकल, सिग्नलला थांबत. मग धावणं. ना चिप, ना झुंड, ना निळं कार्ड. खर्च म्हणाल तर घरी केलेली ती पूड. फाटकाशी पोचलो तेव्हा अंधार होता, घड्याळाने ४२.२ दाखवलं, आणि शेजारच्या गृहस्थांनी कचऱ्याची पिशवी ठेवता ठेवता विचारलं, “आज उशीर झाला?”

त्याच आठवड्यात मी पुढच्या हंगामाची नोंदणी केली. १,१०० जण, सायकलची एकच फेरी, मिनिटाला २० जण सोडणार असं मेलवर लिहून आलेलं. शुल्क जास्तच आहे.